आपांनी कपाटात ठेवू न दिलेलं पुस्तक

आमच्या उदगीरच्या वाचनालयातून पुस्तक नेणं सोपं होतं, परत करणं अवघड. बालविभागाच्या टेबलाशी आपा बसलेल्या असत. पुस्तक पुढे केलं की त्या शिक्का उचलायच्या आणि विचारायच्या, "शेवट पटला का?" नुसतं "हो" म्हटलं की शिक्का पुन्हा डबीवर. "पटला म्हणं! का पटला ते सांग की." तिसरीत असताना एका पुस्तकापायी मी तीनदा तशीच माघारी आले. चौथ्या वेळी रडकुंडीला येऊन म्हणाले, "नाही पटला. लग्न लावताना राजकन्येला कोणी विचारलंच नाही." आपांनी धाडकन शिक्का मारला. "हां, आता वाचलंस बघ!"

आपांचे वडील जिल्दसाज. पुस्तकांची बांधणी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि तो हात आपांकडे आला होता. दुपारी वाचनालय रिकामं असलं की खळीची वाटी जवळ घेऊन त्या फाटकी पानं जोडत बसायच्या. त्यांनी सगळ्यात जास्त वेळा जोडलेलं पुस्तक म्हणजे साळूची गोष्ट. जेमतेम चाळीस पानं, दोनच रंगांतली चित्रं, आणि पहिलं पान कधीच गेलेलं, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही.

साळू म्हणजे साळिंदराची पोर. राजा फर्मान काढतो की दरबारात येणाऱ्यानं शिंगं, नखं, काटे बाहेर काढून ठेवायचे. सगळे मुकाट्यानं काढतात. साळू म्हणते, "काटे माझ्या अंगाचे आहेत, दारात काढायला त्या चपला नाहीत." ती वैशाखाच्या उन्हात वेशीबाहेर उभी राहते. शेवटी राजालाच सिंहासनावरून उतरून बाहेर यावं लागतं, आणि तेव्हापासून दरबार बाहेर चिंचेखाली भरतो.

चार वर्षांपूर्वी याच गोष्टीवर मोठा ॲनिमेशनपट आला. माझी जुई तेव्हा पहिलीत होती. आम्ही लातूरला जाऊन तो पाहिला. देखणा होता, खोटं कशाला बोलू? पण आमच्याकडे डांबर वितळतं तिथं त्यांनी किल्ल्यावर बर्फ पाडला होता, ते मी हसून सोडून दिलं. शेवटच्या गाण्यात मात्र साळूचे काटे आपोआप गळून पडले, मऊ लव आली, राजानं तिला मिठी मारली आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवू लागलं. बाहेर बिनकाट्यांच्या साळू विकायला होत्या.

त्याच आठवड्यात जुई वर्गात उलट बोलते अशी तक्रार आली होती. परतताना एसटीत ती म्हणाली, "आई, काटे गेले म्हणून ती सगळ्यांना आवडली ना? मीपण आता काहीच बोलणार नाही." दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी आपांकडे गेले.

आपांनी भाचीच्या मोबाइलवर तो सिनेमा दोनदा पाहिला होता. "रंगाला नाव न्हाई ठेवत मी, चित्रं लई गोड हायेत," त्या म्हणाल्या. "पण लेकराला सोलून काढलं की गं त्यांनी! आन् लोकं टाळ्या वाजवून राहिले." मग त्यांनी जुईच्या हातात ते जुनं पुस्तक ठेवलं. आठ दिवसांनी ठरलेला प्रश्न आला. जुई म्हणाली, "राजा उन्हात आला ते पटलं. पण लई उशिरा आला." इतक्या जोरात शिक्का मारलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही.

पुढे वाचनालयात सिनेमावरची गुळगुळीत पुस्तकं आली. मुलांना दोन-दोन साळू कशाला, म्हणून सचिवांनी जुनी प्रत निर्लेखनाच्या यादीत घातली. म्हणजे ती कायमची रद्दीत जाणार. आपांना नियम तोंडपाठ होता: वाचकाकडे असलेलं पुस्तक रद्द करता येत नाही. त्यांनी मुलींना सांगून ठेवलं, परत करायला येताना पुढची वाचणारी सोबत आणायची. एकीचं कार्ड निघालं की त्याच मिनिटाला दुसरीचं लागायचं. पुस्तकाला कपाट म्हणून दिसलं नाही.

एका शनिवारी सचिव मुद्दाम टेबलाशी येऊन बसले. मुलगी आली, पण एकटीच. आपा शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमच्याच नावावर टाकते. तुम्ही मेंबर हाव की!" त्यांनी निमूटपणे नेलं. परत आणलं तेव्हा आपांनी त्यांनाही सोडलं नाही. "शेवट पटला का, साहेब?" साहेबांनी घाम पुसला आणि त्या वर्षी यादीचं नाव काढलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी आपांनी शेवटचं पुस्तक दिलं ते साळूचं, माझ्या नावावर. "जपून ठेव म्हणत न्हाई," त्या म्हणाल्या, "फिरतं ठेव." यंदा उन्हाळ्यात आपा गेल्या. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. वाचनालयाचा निरोप आला की पुस्तक जमा करा, तेव्हा मी ठरवून टाकलं की हरवलं म्हणून सांगायचं आणि आपांची आठवण घरातच ठेवायची. जुईनं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "आई, घरात ठेवलं तरी ते कपाटच की."

आम्ही गेलो. सोबत जुईच्या वर्गातली सना होती. आपांच्या जागी आलेल्या नव्या माणसानं काही न विचारता शिक्का मारला आणि पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्याकडे सरकवलं. जुईनं त्यावर हात ठेवला.

"थांबा. आधी मला विचारा."

"काय विचारू?"

"शेवट पटला का ते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बरं, पटला का?"

"पटला. राजालाच बाहेर यावं लागलं. आता हे हिच्या नावावर टाका."

त्यानं यादीकडे बोट दाखवलं, नियम सांगितला, साहेबांना फोन लावतो म्हणाला. सनाच्या हातात पुस्तक पडेपर्यंत जुई टेबलापासून हलली नाही.