शेवटच्या रांगेतली

माझं अक्षर वाईट आणि शुद्धलेखन कच्चं आहे, त्याची माफी असावी.

भुकूमच्या कराटे क्लासला एक बाई रोज पायरीवर बसायची. मुलं पांढऱ्या पट्ट्यावरून पिवळ्यावर गेली, की तिच्या मांडीवरही पिवळा पट्टा यायचा, छोट्या कमरेएवढी गाठ मारलेला.

“तुमची कोणती?” मी विचारलं.

“शेवटच्या रांगेतली.”

ती रांग रिकामीच होती.

हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेला माझ्या लेकीची फी मला जमली नाही, ती या बाईनेच भरली. म्हणाली, “माझीला जोडीदार न्हाई गं. तुझीला तिच्यासमोर उभी कर.”

दुसऱ्या दिवशी माझी लेक आपणहून मागे गेली आणि रिकाम्या जागेपुढे वाकली.

त्याच संध्याकाळी मी जोडवी विकली आणि त्या बाईचे सगळे पैसे फेडले.