परत मिळालेली मुलगी

आपण मरून परत आलो आहोत, ही बातमी माझ्या भाचीला तिच्या आईनेच दिली. ती ऐकून पोर आनंदली नाही. घाबरली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भाची तेव्हा दुसरीत होती. माझी धाकटी बहीण पिंपळवंडीत राहायची, तिचा नवरा ट्रकवर, त्यामुळे घरी कमी आणि नाशिक रोडवर जास्त. मी जुन्नरला शाळेत मराठी शिकवत होतो. आम्ही आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. एवढ्या वर्षांत गावाला आमची सवय झाली होती आणि आम्हाला देवाची. निदान माझं तरी तसं होतं. रविवारी मी चर्चला जायचो, शेवटच्या बाकावर बसायचो आणि पाळकांच्या प्रवचनातल्या व्याकरणाच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करायचो.

त्या उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं होतं. बहीण धुणं धूत होती. वाहून चाललेला उशीचा अभ्रा पकडायला पोर वाकली आणि गेली. खालच्या अंगाला शेजारच्या मळ्यातले एक शेतकरी मोटर बघत उभे होते, त्यांनी उडी टाकून तिला काढलं. तोवर ओठ निळे पडलेले, मान लुळी. बायकांनी रडायला सुरुवात केली. बहीण चिखलात डोकं टेकून ओरडत होती, "परत दे प्रभू, परत दे! जन्मभर तुझी साक्ष देईन!" त्याच वेळी त्या शेतकऱ्यांनी पोरीला गुडघ्यावर पालथं घालून पाठ दाबायला घेतली होती. आधी पाणी आलं, मग खोकला, मग रडणं.

दोन्हींपैकी कशाने ती वाचली, याबद्दल माझं मत होतं. त्या शेतकऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "तुमचा देव असंल न्हाईतर माझा गुडघा. पोरगी जगली ना पावणं? मंग चहा टाका."

आमच्यात साक्ष देतात ती उपासनेत उभं राहून. देवाने आपलं काय भलं केलं ते चार लोकांत सांगायचं. एरवी कोणाचा ताप उतरलेला असतो, कोणाची बदली रद्द झालेली असते. बहिणीने आमच्या दगडी चर्चमध्ये साक्ष दिली. "पोरगी मेल्यात जमा झाली व्हती," ती म्हणाली. म्हातारे पाळक "आमेन" म्हणाले आणि पुढच्या रविवारी खुर्च्या कोणी मांडायच्या याच्या सूचना सुरू झाल्या. तिथे हे संपलं असतं.

पण ही साक्ष एका ब्रदरच्या कानावर गेली. मंचर, कळंब, घोडेगाव या पट्ट्यात त्याच्या प्रार्थनासभा चालत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बूटही पांढरे. सोबत कीबोर्ड आणि त्याच्या उंचीचे दोन स्पीकर. तो बहिणीला आणि भाचीला सभांना न्यायला लागला. त्याच्या तोंडी "मेल्यात जमा" यातला "जमा" पहिल्याच सभेत गळाला. पुढे तिचं मरण लांबत गेलं. आधी ती क्षणभर मेली होती, मग तासभर, आणि कळंबच्या सभेपर्यंत ती दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मेलेली होती. बहीण माइकसमोर उभी राहून नुसती रडायची. आकडे तो भरायचा.

आणि पोर पहिल्या रांगेत बसून हे सगळं ऐकायची.

तिने अंगावर चादर घेणं सोडलं. शाळेत मधेच छातीवर हात ठेवून धडधड चालू आहे का बघत बसायची, बाई काय विचारतायत याकडे लक्ष नसायचं. पुढच्या वर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, आमच्या रिवाजाप्रमाणे, सगळे उजाडता उजाडता कब्रस्तानात गेलो. आदल्या दिवशी कबरी चुन्याने पांढऱ्या केलेल्या असतात, त्यांवर मेणबत्त्या लावतात, गाणी म्हणतात. भाची फाटकाला धरून उभी राहिली. आत येईना.

"चल की गं," मी म्हणालो.

"मी नाय येणार मामा."

"का?"

"तिथले मला वळखतील."

माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो पोरीला दिसू नये म्हणून मी मेणबत्ती पेटवण्यात बराच वेळ घालवला.

त्याच दिवशी मी बहिणीला म्हणालो, "हे बंद कर. पोरगी भितीय."

"मी भीत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "शब्द दिलाय दादा. साक्ष थांबवली आन् त्यानं परत नेली तर?"

"देव काय मंडपवाला आहे? लग्न उरकलं की भांडी परत न्यायला?"

"तुला काय जातंय बोलायला. तुझी हाय का पोरगी?"

मी विषय सोडला, ते बहिणीने शहाणपण मानलं असेल. खरं कारण वेगळं होतं. मला दिसत होतं की मी साक्ष थांबवली आहे, आणि महिन्याभराने पोर विहिरीच्या काठावरून घसरली आहे, आणि बहीण माझ्याकडे बघते आहे. नुसती बघते आहे. देवावर विश्वास नसलेल्या माणसाला देवाच्या रागाची भीती वाटावी, यात काही तर्क नाही. पण भाचीच्या बाबतीत माझा तर्क चालत नव्हता.

मग घोडेगावची मोठी सभा ठरली. रविवारी दुपारी, मैदानात मंडप घालून. आदल्या आठवड्यात ब्रदर जुन्नरला माझ्या घरी आला. "सर, शास्त्रपाठ तुम्ही वाचा. तुमचे उच्चार शुद्ध आहेत. शुद्ध मराठीतला चमत्कार लोकांना लवकर पटतो." मी हो म्हणालो. त्या निमित्ताने व्यासपीठावर पोरीच्या जवळ राहता येईल, एवढंच माझ्या मनात होतं.

मंडपात पोचलो तर व्यासपीठाच्या मधोमध एक शवपेटी. नवी कोरी, पांढऱ्या रंगाची, आतून सॅटिन लावलेलं, बेताच्या मापाची. ब्रदर खूष होता. "प्रात्यक्षिक!" तो म्हणाला. "बेबी आत झोपेल. सर वाचतील. मी हाक मारीन, झाकण उघडीन, बेबी उठेल. मग कीबोर्ड."

बहिणीला हे ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा उतरला, पण समोर मंडप भरला होता आणि शब्द दिलेला होता.

भाचीने पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मामा, झाकण कोण उघडणार?"

"ब्रदर उघडतील. मी पण आहेच."

"आन् नाय उघडलं तर?"

"थोडाच येळ, बाळा," बहीण म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

पोर आज्ञाधारक होती. चप्पल काढून, फ्रॉक सावरून आत झोपली. झाकण बसताना फारसा आवाज झाला नाही. शेजारच्या खुर्चीत बहीण, झाकणावर हात ठेवून ब्रदर, आणि माझ्या हातात बायबल. कुठे थांबायचं तिथे त्याने पेन्सिलीने खूण केली होती. "इथवर. पुढचं नको. पुढे रंग जातो."

मी वाचायला लागलो. सभास्थानाच्या अधिकाऱ्याची नुकतीच मेलेली बारा वर्षांची मुलगी, दारात रडारड करणारी गर्दी, आणि त्या गर्दीला बाहेर काढणारा येशू. आत फक्त आईबाप आणि तिघे सोबती. तो मुलीचा हात धरतो, तिला हाक मारतो, ती उठते आणि चालू लागते. पेन्सिलीची खूण इथे होती. ब्रदरने छाती भरून श्वास घेतला.

मी थांबलो नाही. धाडस वगैरे काही नव्हतं. वाचता वाचता पुढचं दिसलं आणि वाचलं गेलं. पुढे दोनच गोष्टी आहेत. त्याने सगळ्यांना बजावून सांगितलं की हे कोणाला कळता कामा नये. आणि म्हणाला, हिला काहीतरी खायला द्या. मग तो प्रसंग संपतो.

मंडपात फक्त पंखे चालू होते. "सर, खूण, खूण," ब्रदर दातांतून म्हणाला.

बहिणीला हा पाठ लहानपणापासून तोंडपाठ होता, रविवारच्या शाळेत बक्षीस मिळालं होतं. ती उठली. हाकेची वाट न बघता तिने ब्रदरचा हात बाजूला केला आणि झाकण वर घेतलं.

आत पोर डोळे सताड उघडे ठेवून पडली होती. हलत नव्हती. छाती हलत नव्हती. ओठ मिटलेले. त्या क्षणी मला वाटलं, नेली.

"श्वास घे," बहीण म्हणाली. "घे गं. घे म्हणते ना!"

पोरीने श्वास घेतला, मोठा, घरघर लागल्यासारखा. ती नुसती श्वास धरून पडली होती. मेलेलं माणूस असंच पडतं, अशी तिची समजूत होती आणि तिला ते नीट करायचं होतं.

कीबोर्डवाल्याला वाटलं हीच वेळ. त्याने सूर धरला. पुढच्या रांगा "हालेलुया" म्हणायला लागल्या. "ताई, अजून हाक मारायचीय!" ब्रदर माइकवर हात ठेवून म्हणाला. "देवाचा मान राहू द्या!"

"तिला भूक लागलीय," बहीण म्हणाली. तिने पोरीला कडेवर घेतलं. एवढी मोठी मुलगी, पाय लोंबत होते. बहीण व्यासपीठ उतरून चालायला लागली. मी पोरीच्या चपला उचलल्या आणि मागोमाग निघालो.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. भजी आली, पाव आले. पोर खाऊ लागली, आणि खाता खाता म्हणाली, "मामा, ती पोरगी नंतर मेली का?"

"मेली असणार. म्हातारी होऊन."

"मंग उठवली कशाला?"

हा प्रश्न मी पुस्तकांत वाचला होता. उठवलेली सगळी माणसं पुन्हा मेली. येशूचं स्वतःचं उठणं तेवढं वेगळं, त्यानंतर मरण नाही, आणि बाकीचे चमत्कार म्हणजे त्याकडे दाखवलेलं बोट, असं जाणकार सांगतात. मी तोंड उघडलं, पण बहीण आधी बोलली.

"जेवायला," ती म्हणाली आणि बशी पुढे सरकवली.

ते तिला स्वतःला कितपत पटलं होतं, ठाऊक नाही. तिचा चहा बशीत सांडला होता. मला मात्र तेव्हापासून त्या गोष्टीचा दुसरा अर्थ सापडलेला नाही.

मंचरनंतर गाडीत पोर खिडकीशी पेंगायला लागली. बहीण हळूच म्हणाली, "दादा, मी शब्द मोडला."

"हो."

"आता नेली तर?"

नाही नेणार, असं म्हणायचं होतं. "माहीत नाही," मी म्हणालो.

तिने पोरीचं मनगट धरलं, नाडीवर बोटं ठेवून. नारायणगावच्या अलीकडे पोर झोपेतच कुरकुरली, "आई, दुखतंय."

बहिणीने पकड सैल केली. सोडली नाही.