तक्रारीवरचा चहा

सत्तरीच्या दशकात सोलापुरात आमच्या गल्लीची मुलं वाढवायची एक रीत होती. पोराने शेजाऱ्याचं काही बिघडवलं की शेजारी संध्याकाळी येणार, बापाने त्याच्यादेखत पोराला बडवायचं आणि मग शेजाऱ्याला चहा द्यायचा. पोराला आत नेऊन मारणं हा शेजाऱ्याचा अपमान. आमचे वडील कचेरीत कारकून, रीतीला फार जपणारे. सायकल भिंतीला टेकवली की आधी ते काम उरकत.

मार खायचं काम दादाकडे. मी धाकटी आणि गुणी. गुणी कसली, नुसती भित्री! कोपऱ्यावरच्या कुत्र्यांनी नुसतं बघितलं तरी भोकाड पसरायची. दादा पुढे असला तरच मी शाळेत पोचायची.

दादाने आधी एक काच फोडली आणि कुणाच्या तरी भिंतीवर कोळशाने हत्ती काढला. एवढंच. पण आईचा चहा आलं घातलेला. हळूहळू गल्लीत काहीही फुटो, हरवो, लोक आमच्याच दारात. दादा सुरुवातीला "मी न्हाय" म्हणायचा. पुढे म्हणेनासा झाला. एकदा मला म्हणाला, "मार ठरलेलाच हाय की. मग पेरू तरी खातो." आणि खरंच लोकांच्या झाडांवर चढू लागला. मुलं बिघडतात कशी यावर पुढे मी जाड जाड पुस्तकं चाळली, पण त्या पेरूच्या पुढे काही फार गेले नाही.

शेवटी वडिलांनी जाहीर केलं, "आता एक तक्रार आली, की याला मंगळवेढ्याला मामाकडे. राखू दे ज्वारी!" दादा पोटभर जेवला. मी मात्र कुत्र्यांच्या आठवणीने उपाशी झोपले.

चारच दिवस गेले असतील. मिलचा भोंगा झाला, वडील आले आणि पाठोपाठ शेजारची अक्का. तेलुगू घरातली, हातमागावर साड्या विणणारी.

"अण्णा, तुमचा पोरगा माझा ताणा तोडला बघा! सगळे उभे धागे गेले. आता काय विणू मी?"

वडिलांनी दादाला हाक मारली. आईने सवयीने चहाचं आधण ठेवलं आणि मग एकदम भानावर येऊन बाहेर धावली. "अहो, तो तर..."

तोवर दादा अंगणात आला होता. भिंत धरत, नेहमीच्या जागी. सदरा फाटू नये म्हणून स्वतःच काढला, घडी करून माझ्याकडे दिला आणि हात पुढे केला.

"मारा. पण लवकर. डोकं लई दुखतंय."

वडिलांनी तो हात धरला आणि चटका बसल्यासारखे थबकले. "याला ताप आहे?"

"सकाळपासून अंथरुणातून हलला नाही तो," आई म्हणाली.

"अय्यो! मग माझा ताणा कोण तोडला?" अक्का गोंधळली.

"अरे, मग तू बाहेर कशाला आलास?" वडिलांनी विचारलं.

दादाने जरा विचार केला. "तुमी हाक मारली की."

वडिलांनी त्याला उचललं. अकरा वर्षांचं घोडं, पाय लोंबत होते. अक्का सदऱ्याने त्याला वारा घालत आतपर्यंत आली आणि तेलुगूत कुणाला तरी, बहुतेक मांजराला, शिव्या देत राहिली.

मंगळवेढ्याचं नाव नंतर निघालं नाही. तक्रारी मात्र येतच राहिल्या. वडील आता आधी दादाला विचारायचे, "काय झालं रे?" कुणी विचारायची सवयच नव्हती, दादा कितीतरी दिवस नुसता पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचा. मग एकदा म्हणाला, "मी न्हाय केलं." वडिलांनी ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात छाती काढून म्हणाला, "व्हय, हे मीच केलं!"

आता खऱ्या गुन्हेगाराचं काय करायचं, हे वडिलांना कुठे माहीत होतं? डोकं खाजवत त्यांनी आईला चहा ठेवायला सांगितलं.