गेरू, कोळसा आन् चुना

"आपापल्या रंगावर बोट ठेवा गं!" बाई आल्या आल्या हेच म्हणायच्या. त्यांची तीन बोटं तीन रंगांची. एक गेरूनं तांबडं, एक कोळशानं काळं, एक चुन्यानं पांढरं. त्याच हातानं पदर सावरायच्या, मग पदरबी तसलाच. 

सुभेदारांच्या गोठ्यात दुपारी बायकांचा वर्ग भरायचा. आमी सातजणी, सातजणींच्या सात तऱ्हा. माझी सासू म्हंजी आत्याबाई, तिला एक अक्षर येईना. मी दुसरीतनं शाळा सोडलेली. आन् सुभेदारीण घडाघडा वाचायची. धडा एक, भिंत एक. बाईंनी युक्ती काढली. सोपे शब्द गेरूनं, त्यापरास अवघड कोळशानं, जोडाक्षरं चुन्यानं. नव्यानं शिकणारीनं तांबडं तेवढंच वाचायचं.

एकदा भिंतीवर व्हतं, 'सासू चोर धरून चावडीवर गेली.' पयले दोन शब्द तांबडे, बाकी काळे. आत्याबाईंनी बोट ठिवून मोठ्यानं वाचलं, "सासू... चोर!"

सुभेदारीण म्हणाली, "आवं आत्याबाई, आज लय खरं वाचलंत!"

"गप गं, तोंडाळ!"

आमी हसून हसून बेजार. बाईबी हसल्या. म्हणाल्या, "गेरू खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही."

तवा मला ते कळलं न्हाई.

माझा नवरा लढाईवर. त्याचं पत्र आलं की टपालवाला चावडीत वाचायचा, सगळा गाव ऐकायचा. तो काय गाळतोय का, ह्या भ्यानं मला झोप न्हाई लागायची. म्हणून तर मी वर्गात बसायची. एक दिवस पत्र आलं ते मीच आधी फोडलं.  तीनच शब्द दिसले. माझा. हात. गेला.

पोर कडेवर, पायात काय न्हाई, तशीच पळाले. बाईंची खोली मारुतीच्या देवळामागं.

"बाई, हात गेला वो ह्यांचा!"

बाईंनी पत्र घेतलं न्हाई. पोर घेतलं. "वाच."

"वाचलं की!" मी वरडलेच. असा राग आला म्हणता!

"गेरू वाचलास. आता कोळसा वाच."

माझं बोट धरून कागदावर ठिवलं त्यांनी. लय येळ लागला. 'माझा हात धरून दोस्त रडला, त्याचा भाऊ गेला. मी खुशाल आहे.'

मी हसले, रडले, पुन्हा हसले. बाई हसल्या न्हाईत. "त्या भावाच्या घरी पत्र कोण वाचत असेल गं?" म्हणाल्या आन् पोराला थोपटत ऱ्हायल्या. पोराच्या पाठीवर तांबडं बोट उठलं.

संक्रांतीनंतर त्यांची सांगलीला बदली झाली. वर्ग मोडला. सुभेदारांनी भिंत शेणानं सारवली, तरी खालनं गेरू दिसतोच.

आज पुन्हा पत्र आलंय. 'मी' दिसलं, 'घरी' दिसलं.  बाईंच्या खोलीकडं पळत सुटले. दाराला कुलूप. ठाऊक व्हतं, तरी पळाले.

तिथंच पायरीवर बसलेय, पोर मांडीवर. गेरू वाचून झाला, बाई. आता कोळशावर बोट ठिवलंय.