कुंपणावरची चादर
उन्हात वाळलेल्या जाड सुती चादरीचा वास आला की मला आलापल्लीजवळच्या गावातली ती दुपार आठवते. आमच्या शेजारच्या बाईंचा नौदलातला मुलगा आजारानं गेला होता आणि पांढऱ्या गणवेशातल्या खलाशांनी त्याची शवपेटी तिरंग्यानं झाकून घरी आणली होती. बाईंच्या समाजात जाळत नाहीत, माती देतात. घरामागच्या शेताच्या कडेला, खणलेल्या खड्ड्यापाशी, सागाच्या वाळक्या पानांवर उभे राहून खलाशी झेंडा उचलायला लागले, तसा बाईंनी त्याचा काठ घट्ट धरला. "काऊन काढून राह्यले? माझा पोरगा उघडा जाईन का?" खलाशांबरोबर आलेल्या दक्षिणेकडच्या अधिकाऱ्याचं हिंदी त्यांना उमगेना, म्हणून त्यानं कारण मला इंग्रजीत सांगितलं, बाईंना समजवायला. चारचौघांत माझा आवाज फुटत नसे. तरी मी म्हणाले, "बाई, जहाजावर रोज मावळतीला झेंडा उतरवतात, पण खाली टेकू देत नाहीत. मग मातीत कसा देतील? तो तुमच्याजवळ राहील." बाईंनी काठ सोडला, कुंपणावर वाळत असलेली चादर आणली आणि म्हणाल्या, "मंग हे टाका. हिवात त्याले हेच लागे." खलाशांनी झेंड्याची घडी त्यांच्या हातात दिली. मग चौघांनी त्या विटक्या चादरीची चार टोकं धरली, झेंड्यासारखीच ताणली आणि जमिनीला न टेकवता पेटीवर पसरली. आता शहरात गच्चीवरची चादर काढताना मीही तिचं एखादं टोक खाली लागू देत नाही.