पायाळू जान्हवीचे हात

जान्हवी जन्मली ती पायांकडून. पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते, असं कोकणातली माणसं मानतात, त्यामुळे कांजूरमार्गच्या त्यांच्या चाळीत पोरीला सहाव्या वर्षापासून उसंत नव्हती. अभ्यासावरून उठवून न्यायचे. गॅलरीत कुणीतरी पालथं पडलेलं असायचं. "मार गो लाथ, घाबरू नको!" एरवी चुकून कुणाला पाय लागला तर पाठीत धपाटा घालणारी हीच माणसं.

आता ती बेचाळीस वर्षांची आहे. मुलुंडला एका फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये मालीश करते. त्यासाठी दोन वर्षं शिकली: कुठला स्नायू कुठून कुठे जातो, दाब किती द्यायचा, आणि मुख्य म्हणजे हात कुठे लावायचाच नाही. सकाळी तळहात जोडून देवाचं नाव घेते, मगच तेलाची बाटली उघडते. मान आखडून आलेल्या बायका जाताना खांदे सैल टाकून जातात, रात्री झोप लागली म्हणून सांगायला परत येतात. पण चाळीत मान तिच्या पायांना. हातांचं नाव निघालं की "मालीशवाली" म्हणून नाक मुरडायचं. हा राग तिने वर्षानुवर्षं गिळला होता.

यंदा शिमग्याला आठ दिवस उरले असताना त्याच चाळीत राहणारा तिचा मामा, लवूमामा, पाण्याचं पिंप सरकवताना कंबर धरून बसला. गिरणी गेल्यावर वॉचमनकी करून संसार ओढलेला हट्टी म्हातारा. गावच्या देवाची पालखी खांद्यावर घ्यायची, एवढ्यासाठी वर्षभर जगणारा. रुक्मिणीमामीचा फोन आला, "ये नि पाय लावून जा."

ती गेली तर दारात ही गर्दी. शेजारचे भाऊराव म्हणाले, "आली आमची डॉक्टरीण! मार एक झकास."

जान्हवीने चप्पल काढली, हात धुतले आणि मामाच्या शेजारी बसली. "कळ पायात उतरते का रे?"

"माका मालीश नको गो. तुझो पाय लाव."

"विचारलं त्याचं उत्तर दे."

"भाचीकडना अंग रगडून घेव? लोका काय म्हणतली?"

"भाचीची लाथ चालते, हात चालत नाही?"

"अगं, वाद कसले घालतेस?" मामी म्हणाली. "काल सुयोग उभा राहिला ना त्यांच्या पाठीवर, तेव्हा हूं की चूं केलं नाही."

सुयोग म्हणजे मामाचा मुलगा, जिममध्ये जाऊन ऐंशी किलोचा झालेला. जान्हवी गर्रकन वळली. "पाठीवर उभा राहिलास?"

"मोबाईलवर दाखवतात ना ताई, तसं. कट्कन आवाज पण आला. एकदम मस्त."

"मस्त? त्या मोबाईलवाल्याने तुझ्या बापाचा मणका बघितलाय?"

तेवढ्यात तिला मामाच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर सुकलेलं रक्त दिसलं. "हे कधी लागलं?"

"खय?" मामाला पत्ताच नव्हता. तिने ते बोट कचकन दाबलं, तरी तो हूं म्हणाला नाही. पंजा वर उचल म्हटलं, तर उचलेना.

मग मात्र तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "उचला ह्याला! आत्ता हॉस्पिटलात!"

"निदान एकदा पाय लावून..." भाऊराव पुटपुटले.

"भाऊराव, अजून एक शब्द बोललात तर पाय तुम्हालाच लागेल."

मणक्यातली गादी सरकून शिरेवर बसली होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, त्यात वर लाथही बसली असती तर हा पाय कदाचित परत मिळाला नसता. पालखी मामावाचून निघाली. तो भिंतीकडे तोंड करून रडला. जान्हवी त्याच्याजवळ बसली, पण समजूत काही काढली नाही. तेवढी माया त्या दिवशी तिच्यात शिल्लक नव्हती.

अडीच महिन्यांनी डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली, व्यायामाबरोबर हलकी मालीश. ऑपरेशनची जागा सोडून तिने त्याचे दगडासारखे झालेले खांदे आणि मांड्या हळूहळू मोकळ्या केल्या. "लाज वाटता गो," म्हणणारा मामा दहा मिनिटांत घोरायला लागला. गोळीशिवायची पहिली झोप. चार आठवड्यांत काठी टेकत देवळापर्यंत जाऊ लागला.

आणि देवळात बसून सगळ्यांना सांगू लागला, "जानूचो पाय लागलो, म्हणान उठलंय!"

हे कानावर आलं त्या संध्याकाळी ती देवापुढे बसली, तर दिवा लावताना काडेपेटीतल्या तीन काड्या मोडल्या. इतका संताप!

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बाहेर तिघं. पुढे भाऊराव, कमरेवर हात. "जानू, फक्त एक पाय..."

तिने शांतपणे सँडल घातल्या, पट्टे आवळले, दाराला कुलूप लावलं.

"पाय कामाला चाललेत. हात क्लिनिकमध्ये मिळतील. आधी डॉक्टरला दाखवा, चिठ्ठी आणा आणि नंबर लावून या."

जिन्यात भाऊरावांनी मागून हाक मारली. ती थांबली नाही.