हिराकसाची चिमूट

कापड मिल बंद पडल्यावर मला सांवेर रोडच्या एका लहान कारखान्यात केमिस्टची नोकरी मिळाली. आम्ल घातलेल्या पाण्यात अल्कोहोल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायचं आणि दर अर्ध्या तासाने नमुना काढून पेरॉक्साइड किती उरलं ते मोजायचं. पेरॉक्साइड संपलं की घाणा तयार; दुपारपर्यंत तो व्हायचा.

दिवाळीनंतर तोच घाणा संध्याकाळपर्यंत रखडू लागला. शेठजी माझ्या टेबलाशी आले.

"क्यों भिया, पेरॉक्साइड में पानी मिला रिये हो? असली माल किधर जा रिया है?"

महिनाअखेरपर्यंत कारण सापडलं नाही तर येऊ नका, असंही सांगितलं. रोज निघताना फाटकावर माझी पिशवी, जेवणाचा डबा, सगळं उघडून बघत. बायको म्हणाली, "अहो, उद्यापासून दोन पोळ्या जास्त देते. झडती घेणाऱ्यालाही भूक लागत असेल."

मला शेठजींचाच संशय होता. हलकं पेरॉक्साइड आणून खापर माझ्यावर फोडत असतील. तपासलं, तर ताकद पूर्ण. अल्कोहोलही ठीक. उरलं आम्ल. पूर्वी ते गंजक्या लोखंडी पिंपातून यायचं, पिवळट. बाजार खुला झाला आणि दिवाळीपासून नवा पुरवठादार प्लास्टिकच्या कॅनमधून पाण्यासारखं स्वच्छ आम्ल देऊ लागला. इतक्या स्वच्छ मालावर कोण शंका घेणार? मी घेतली. मिलमध्ये ब्लीचिंगच्या टाकीत गंजाचा कण पडला की पेरॉक्साइड भडकायचं आणि कापडाला भोकं पडायची. तिथे आम्ही लोखंडाला भ्यायचो. इथे त्या गंजावरच तर काम चाललं नव्हतं ना?

शेठजींसमोर नव्या आम्लाने केलेल्या त्याच मिश्रणाचे दोन बीकर मांडले. एकात हिराकसाची, म्हणजे लोखंडाच्या स्वस्त क्षाराची चिमूट त्यांनाच घालायला लावली. मी हात मागे बांधून उभा राहिलो. तो बीकर तापून बुडबुडू लागला, दुसरा तसाच. पुढे मोजून पाहिलं, तर हिराकस दुप्पट केल्यावर वेगही जवळजवळ दुप्पट.

शेठजींनी डोळे बारीक केले. "तुमको पहले से मालूम था?"

"मालूम होता, तो रोज तलाशी देता क्या?"

नोकरी राहिली. हिराकस कुठल्याही किराणा-औषधी विकणाऱ्या पंसाऱ्याकडे मिळतं; तरी शेठजींनी बरणी आपल्या कपाटात कुलूपबंद केली. रोज सकाळी ते स्वतः तोलून द्यायचे. मी ते त्यांच्यासमोरच पुन्हा तोलून घ्यायचो.